वाढीव अर्धा तास

एसटी त्या दिवशी नेमकी वेळेवर आली. एरवी हेदवीच्या थांब्यावर तासतासभर तिची वाट पाहावी लागे, आणि तेवढा वेळ धरूनच आईने काय काय सांगायचं ते मनात ठेवलं असणार. पण आम्ही उतरण उतरून रस्त्याला लागलो आणि मागून गाडीचा आवाज आला. बाबांनी ट्रंक टपावर चढवायला दिली, माझा हात दरवाजाच्या दांडीवर नेऊन ठेवला आणि मी पायरी चढले. आई खालून म्हणाली, "नीट बघून जा गो बाय." एवढंच म्हणाली. तिच्या बांगड्या वाजल्या. तोंडावर हात नेला असावा. मग घंटा वाजली आणि इंजिनाच्या आवाजात बाकी सगळं बुडालं.

खाडीपलीकडे जयगड, आणि तिथून रत्नागिरी तशी जवळ. पण पावसाळ्यात होडी बंद असते, म्हणून गुहागर, चिपळूण असा सगळा वळसा घालून जायचं. चिपळूणच्या स्टँडवर बाबांनी मला बाकावर बसवलं आणि ते चहा आणायला गेले. परत आल्यावर शेजारच्या बाईने त्यांना विचारलं, पोरीला कुठल्या दवाखान्यात नेताय. बाबा म्हणाले, "कॉलेजात."  मग त्यांनी चहाचा कप माझ्या हातात दिला.

तेव्हा मला अगदीच दिसत नव्हतं असं नाही. खिडकीचा उजेड कळायचा, समोरून कुणी गेलं तर सावली हललेली कळायची. नववीत फळा दिसेनासा झाला. दहावीत मी खळ्यात उन्हाला बसून, पुस्तक नाकाला लावून वाचायचे. बारावीत उन्हातही अक्षरं एकमेकांत मिसळायला लागली. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की डोळ्याचा आतला पडदा झिजत चाललाय आणि त्याला औषध नाही. बाबांनी घरी येऊन आईला हे सांगितलंच नाही. तिला म्हणाले, अशक्तपणा आहे. मग आई वर्षभर मला शेवग्याचा पाला आणि माशांची डोकी खाऊ घालत राहिली आणि मी खात राहिले. बारावीचे पेपर जाड शाईने, ओळीवर ओळ चढवत लिहिले आणि कशीबशी पास झाले. आईचं म्हणणं पडलं की आता हिने घरात बसावं, आपण आहोत तिला. बाबांनी त्यावर वाद घातला नाही. भाताची लावणी तोंडावर आलेली असताना एक दिवस खाडा करून ते रत्नागिरीला गेले आणि कॉलेजचा फॉर्म घेऊन आले.

कॉलेजात माझ्यासारखं कुणी त्याआधी आलं नव्हतं. प्राचार्य सज्जन होते, पण माझ्याशी बोलायचं असलं की बाबांकडे तोंड करून बोलायचे. मुलींच्या वसतिगृहाने सांगितलं, जिना आहे, विहीर आहे, उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची. म्हणून मी रत्नागिरीतल्या राजिवडा मोहल्ल्याच्या अलीकडे राहणाऱ्या आत्याकडे राहिले. विषय घेतानाही तेच. मला अर्थशास्त्र घ्यायचं होतं. त्यात आकृत्या असतात, म्हणून नको म्हणाले. भूगोलात नकाशे असतात. शेवटी इतिहास मिळाला. इतिहासातही नकाशाचा एक प्रश्न असायचा. तो सोडून द्यायचा असं ठरलं. म्हणजे परीक्षेला बसायच्या आधीच माझे तेवढे गुण गेले होते.

पहिला आठवडा सगळा वर्ग मदतीला धावला. एकीने हात धरला, दुसरीने डबा उघडून दिला, तिसरी म्हणाली मी रोज तुला वाचून दाखवीन. गणपतीची सुट्टी संपेपर्यंत ते ओसरलं. त्यात त्यांचा दोष नव्हता, त्यांनाही अभ्यास होता. पण मी रोज सकाळी उठून ठरवायचे की आज कुणाला विचारायचं. काल जिला विचारलं तिला आज नको. जी परवा जरा तुटक बोलली तिला या आठवड्यात नको. मग जी 'हो' म्हणेल तिला थँक्यू म्हणायचं, पुस्तकाचं पान उलटलं की थँक्यू, तास संपला की थँक्यू. शिकण्याने मी कधी दमले नाही. या विचारण्याने मात्र दमायचे, संध्याकाळी आत्याकडे येऊन नुसती भिंतीला टेकून बसायचे. आत्या म्हणायची, कॉलेजात एवढं काय गो काम असतं तुम्हाला.

आत्याच्या शेजारच्या घरात हमीदाभाभी राहायची. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. तिचे मियाँ दाऊदभाई कुवेतला नोकरीला होते आणि दोन वर्षांनी एकदा यायचे. घरात ती आणि सासू. सासूला कमी ऐकू यायचं. हमीदाभाभी रत्नागिरीतल्याच मराठी शाळेतून दहावी झालेली, अक्षर चांगलं, आवाज त्याहून चांगला. तिच्याकडे दाऊदभाईंनी पाठवलेला टू-इन-वन टेपरेकॉर्डर होता. राजिवड्यात तेव्हा बऱ्याच घरांत होता, आणि तो गाण्यांपेक्षा पत्रांसाठी जास्त वापरायचे. बायका कॅसेटवर बोलायच्या, कुणी कुवेत-दुबईला निघालं की सुकट आणि पापडांबरोबर ती कॅसेट द्यायच्या, आणि महिन्या-दोन महिन्यांनी तिकडून नवऱ्याचा आवाज भरून यायचा.

एका दुपारी मी आत्याच्या पडवीत बसून रडत होते. तास ऐकला होता, पण घरी येईपर्यंत अर्ध्याहून जास्त डोक्यातून गेलं होतं. हमीदाभाभीने कुंपणापलीकडून विचारलं, काय झालं. मी सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पुस्तक आण तुझं. मी वाचते, हा डबा ऐकून ठेवील. मग तू कितींदा पण ऐक."

अशी सुरुवात झाली. दुपारचं आवरून झालं की ती वाचायला बसायची. वीज गेली तर सेल घालायची. मधेच सासूने हाक मारली, कोंबडी ओरडली, मासळीवाली आली, ते सगळं कॅसेटमध्ये यायचं. मला आजही फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं आठवली की तिसऱ्या कारणानंतर 'बांगडा ताजा हाय काय' हे ऐकू येतं. कॅसेटी ओळखू याव्यात म्हणून मी त्यांना रबर बांधायचे. एक रबर म्हणजे फ्रान्स, दोन म्हणजे सत्तावन्नचा उठाव. पुण्याच्या एका संस्थेने ब्रेलची पाटी आणि टोचणी पोस्टाने पाठवली, तीही तिनेच तक्ता वाचून मला शिकवली. क म्हणजे पहिलं आणि तिसरं टिंब. टोचताना उजवीकडून डावीकडे जायचं असतं, याची तिला फार मौज वाटली. म्हणाली, हे तर आमच्या कुराणासारखं झालं. माझी बोटं शेतातल्या कामाने राठ झालेली, टिंबं पटकन कळायची नाहीत. पण पहिल्यांदा माझं नाव मी बोटाने वाचलं तेव्हा ती माझ्याआधी रडली.

परीक्षेला लेखनिक लागतो. त्याचा नियम असा होता की तो परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला हवा, आणि नात्यातला नको. हमीदाभाभी दोन्हींत बसली. त्यासाठी सिव्हिल सर्जनचा दाखला दरवर्षी नव्याने आणायचा. दरवर्षी डोळ्यांत बॅटरी मारून बघायचे आणि लिहून द्यायचे की दिसत नाही. तोवर उजेडही कळेनासा झाला होता. पहिल्या दोन वर्षांच्या परीक्षा कॉलेजच घ्यायचं, त्यामुळे प्राचार्यांच्या सहीवर भागायचं. बोललेलं दुसऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून आम्हाला प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत बसवायचे. बाटल्यांमधल्या औषधाचा उग्र वास यायचा. हमीदाभाभी बुरखा घालून यायची, तो बाजूला ठेवायची आणि प्रश्न वाचायची. मी सांगायचे, ती लिहायची. कधी मी चुकतेय असं तिला वाटलं तर तिचं पेन थांबायचं, पण बोलायची नाही. तसं बोलायचं नाही हा नियम होता आणि तिने तो कधी मोडला नाही. आम्हाला तीन तासांवर अर्धा तास जास्त मिळायचा. तो अर्धा तास म्हणजे तिच्या बोटांना विश्रांती आणि माझ्या शेवटच्या प्रश्नाला जागा.

दुसऱ्या वर्षी एक घोटाळा झाला. मी अभ्यासाला बसून एक रबरवाली कॅसेट लावली आणि त्यातून हमीदाभाभीचा दाऊदभाईंशी बोलण्याचा आवाज आला. तिच्याकडे सामान बांधताना कॅसेटी बदलल्या होत्या. मी लगेच बंद करायला हवी होती. केली, पण तोवर दोन-चार वाक्यं ऐकून झाली होती. ती म्हणत होती की दिवस जातच नाही, अम्मींना ऐकू येत नाही, घरात बोलायला भिंती आहेत. मग म्हणाली, दुपारची ती मंदा येते म्हणून बरं आहे, तिला वाचून दाखवते तेवढं तोंड उघडतं. मी बटण दाबलं आणि तशीच बसून राहिले. इतके दिवस मी तिच्या पायरीवर रोज उपकाराखाली वाकून चढत होते. त्या दिवसापासून मी तिला थँक्यू म्हणणं सोडलं, आणि माझा थकवा बराच उतरला. मी काय ऐकलं ते मात्र तिला सांगितलं नाही.

तिकडे कुवेतला दाऊदभाईंना बायकोच्या पत्राऐवजी फ्रेंच राज्यक्रांती मिळाली होती. त्यांची कॅसेट आली ती हमीदाभाभीने मला मुद्दाम ऐकवली. ते म्हणत होते, पहिल्यांदा वाटलं चुकून आलंय, आता तू बोलशील, आता बोलशील म्हणून ऐकत राहिलो. राजाचं डोकं उडालं तरी तू माझ्याशी बोलली नाहीस. मग पुन्हा लावली. खोलीतले सगळे झोपले की रोज लावतो. आम्ही दोघी हसलो. मग शेवटी शेवटी त्यांचा आवाज जरा वेगळा झाला. म्हणाले, तू इतकं छान वाचतेस आणि मला माहीतच नव्हतं. लग्नाला सात वर्षं झाली आणि तुझ्याबरोबर राहिलो किती, तर मोजून काही महिने.

मला वाटतं, त्या चुकलेल्या कॅसेटनेच ते घडवलं. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी बायकोला तिकडे न्यायची खटपट सुरू केली, सासूला नणंदेकडे ठेवायचं ठरलं, आणि माझ्या शेवटच्या वर्षाच्या जानेवारीत हमीदाभाभीचा व्हिसा आला.

ती सांगायला आली तेव्हा मी ब्रेल टोचत होते. माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "मंदा, तू सांग. मी जाऊ की थांबू? परीक्षेपुरती थांबते म्हटलं तर ते ऐकतील."

मला कळत होतं काय म्हणायचं ते. सात वर्षांचा तिचा एकटेपणा मी माझ्या कानांनी ऐकला होता. पण मी म्हटलं, "परीक्षा मार्चअखेर आहे."

एवढंच म्हटलं. जा म्हटलं नाही, थांब म्हटलं नाही. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि उठून गेली. चार दिवसांनी आत्याने सांगितलं की तिकीट फेब्रुवारीचं निघालंय. मी दोन दिवस तिच्याकडे गेले नाही. नंतर गेले तर ती कॅसेटीवर वाचतच होती. जायच्या आदल्या दिवसापर्यंत राहिलेली पुस्तकं वाचून संपवली तिने. सगळ्या कॅसेटींना रबरं बांधून पिशवी माझ्या हातात दिली. निघायच्या सकाळी टॅक्सी दारात असताना तिने मला जवळ घेतलं. मला काहीतरी बोलायचं होतं. तिची सासू मोठमोठ्याने रडत होती आणि मी बोलायच्या आत टॅक्सी निघाली.

शेवटच्या वर्षाची परीक्षा विद्यापीठाची. परवानगी मुंबईहून यायची आणि ती हमीदाभाभीच्या नावाने येऊन पडली होती. नाव बदलायचा अर्ज केला. नवा लेखनिक कोण, तर कॉलेजच्या ऑफिसातले शिपाई शांताराम. चाळिशीचे, दहावी पास. दुसरं कुणी वेळेत मिळालं नाही. ते आपणहून म्हणाले, मी लिहितो. अक्षर चांगलं, पण हात संथ. ऑफिसात बाहेरगावी जाणाऱ्या पाकिटांवर पत्ते घालायचे, तसं ते एकेक अक्षर घोटून काढायचे. 'साम्राज्यवाद' म्हटलं की थांबायचे. मी फोड करून सांगायचे, ते पुन्हा विचारायचे, मी पुन्हा सांगायचे. आणि मधल्या वेळात पुढचं वाक्य माझ्या डोक्यातून निघून जायचं.

पहिले दोन पेपर वाढीव अर्ध्या तासात कसेबसे पुरे झाले. तिसऱ्या पेपरला प्राचार्य गावात नव्हते आणि पर्यवेक्षक बाहेरून आलेले होते. तीन तासांची घंटा झाली तेव्हा आमचे दोन प्रश्न लिहायचे बाकी होते. पर्यवेक्षकांनी पेपर मागितला. मी म्हटलं, आम्हाला अर्धा तास जास्त असतो. ते म्हणाले पत्र दाखवा. नावबदलाचं नवं पत्र त्यांच्यासमोर होतं. त्यात लेखनिकाचं होतं, वेळेचं नव्हतं. वेळेचं जुन्या पत्रात होतं आणि ते प्राचार्यांच्या कपाटात. शांताराम उठून उभे राहिले, मी आणतो म्हणाले. पर्यवेक्षक म्हणाले, लेखनिकाला खोली सोडता येणार नाही. ते रागावले नव्हते. नियमाने वागत होते आणि त्यांना आमच्याबद्दल वाईटही वाटत असावं. त्यांनी पेपर हळूच ओढून घेतला. दोन्ही प्रश्नांची उत्तरं मला तोंडपाठ होती. एक उत्तर तर हमीदाभाभीच्या आवाजात, पार्श्वभूमीला कोंबड्यांसकट.

मी भांडले नाही. आता वाटतं भांडायला हवं होतं. पण त्या वेळी अंगात त्राणच नव्हतं. तीन वर्षं मी दाखले, अर्ज, सह्या यांच्या मागे फिरले होते. एक कागद कपाटात राहिला तर पुन्हा पहिल्यापासून सगळं समजावून सांगायचं, मी कोण, मला काय होतं, मला काय लागतं. ते सांगायला माझ्याकडे शब्द उरले नव्हते. मी काठी उचलली आणि घरी आले. परत आल्यावर प्राचार्यांनी खूप वाईट वाटून घेतलं आणि पुढचे पेपर नीट झाले. पण तो पेपर गेला तो गेला. निकाल लागला तेव्हा त्या एका विषयात मी नापास होते. बाबांना पत्रातून कळवलं. त्यांचं उत्तर आलं, आत्याने वाचून दाखवलं. त्यात निकालाबद्दल एक अक्षर नव्हतं. आंब्याचं, गाईचं, माझ्या धाकट्या भावाच्या, सदाच्या शाळेचं लिहिलं होतं. शेवटी होतं की ऑक्टोबरचा फॉर्म कधी भरायचा ते कळव.

निकालानंतर आठवड्याभराने शांताराम आत्याकडे आले. आत बसायला तयार होईनात. पडवीतच उभे राहून म्हणाले, "मंदाताई, तुमी नापास नाय झालात. माझा हात नापास झाला."

मी म्हटलं, तसं काही नाही, अर्धा तास मिळाला नाही म्हणून झालं. ते म्हणाले, हात चालला असता तर अर्धा तास लागला नसता. मग म्हणाले, रोज जेवणाच्या सुट्टीत मला लिहायला घाला.

जुलैपासून आम्ही ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत बसायला लागलो. ते घाईने डबा खाऊन यायचे. मी कॅसेट ऐकून पाठ केलेलं सांगायचे, ते लिहायचे. सुरुवातीला रोज तेच शब्द अडायचे. औद्योगिक. प्रबोधन. वसाहतवाद. मग हळूहळू अडणं कमी झालं. गणपती आले तेव्हा त्यांचा हात माझ्या बोलण्याबरोबर चालायला लागला होता. मधेच विचारायचे, हे असं खरंच झालं होतं काय? इतक्या मोठ्या राजाला? मी म्हणायचे, झालं होतं. ते म्हणायचे, बरं, पुढे सांगा. त्यांना मी कधी थँक्यू म्हटलं नाही. म्हणायला गेले असते तर त्यांना अपमान वाटला असता.

याच दिवसांत कुवेतहून कॅसेट आली. हमीदाभाभी सांगत होती की घर आठव्या मजल्यावर आहे, खिडकी उघडली की गरम हवा येते, दुपार झाली की हात आपोआप पुस्तक शोधतात. कुणाला वाचून दाखवायचं नसतं, तरी मोठ्याने वर्तमानपत्र वाचते. दाऊदभाई हसतात. मी नापास झाल्याचं तिला कुणीतरी कळवलं होतं.  मी उत्तराची कॅसेट भरली. त्यात तिला सगळं सांगितलं. तिची चुकून माझ्याकडे आलेली कॅसेट मी ऐकली होती, आणि त्या जानेवारीत मला 'जा' म्हणायचं होतं पण म्हणाले नाही, हेही सांगितलं. 

उत्तर यायला अडीच महिने लागले. तोवर मी परीक्षा देऊनही झाले होते. अर्ध्या तासाचं पत्र यावेळी प्राचार्यांनी स्वतः पर्यवेक्षकांच्या हातात दिलं. शांतारामांनी शेवटचं वाक्य लिहून पेन खाली ठेवलं तेव्हा तीन तासांवर दहाच मिनिटं झाली होती. उरलेला वेळ त्यांनी मला सगळा पेपर वाचून दाखवण्यात घालवला. निकालात दुसरा वर्ग मिळाला. हमीदाभाभीची कॅसेट त्याच आठवड्यात आली. माझ्या कबुलीवर ती एवढंच बोलली होती, "तू जा म्हणाली असतीस ना, तर मी थांबले असते."

त्याला आता काही वर्षं झाली. मी रत्नागिरीतच एका सरकारी कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर आहे. आत्याकडून निघून दोन खोल्या घेतल्या. मराठी टायपिंग शिकले आणि हे लिहितेय तेही मशीनवर, स्वतः. चूक झाली तर मला कळणार नाही, पण माझ्या आणि या कागदाच्या मधे कुणी नाही. ऑफिसात मला बढतीच्या परीक्षेला बसायचं आहे. लेखनिकाची सोय आहे का विचारलं तर सांगितलं, अर्ज करा, दाखला जोडा. मी दाखला आणायला गेले. डॉक्टर नवे होते. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं. कॉलेजात यंदा लांज्याकडचा एक मुलगा आलाय, त्यालाही दिसत नाही. त्याचे वडील माझ्याकडे विचारायला आले होते. मी त्यांना सांगितलं की प्रत्येक पत्राच्या तीन प्रती ठेवा, एक पोराच्या खिशात. याहून शहाणपणाचं मला या सगळ्यातून काही मिळालेलं नाही.

हेदवीला गेल्या मे महिन्यात गेले होते. बाबा गेल्यापासून सदाच सगळं बघतो. त्याने घर वाढवलंय, पडवी मोडून दोन खोल्या काढल्यात, चूल गेली, गॅस आला. मला मोठ्या हौसेने दाखवत होता, आणि मी भिंतीवर हात फिरवत म्हणत होते, छान झालंय. खरोखर छान झालंय. पण जिथे मोकळी पडवी होती तिथल्या नव्या भिंतीवर माझं कपाळ आपटलं. त्यानंतर आई मला एक क्षण सोडीना. न्हाणीत जाताना हात धरायची, ताटातला मासा निवडून द्यायची, वहिनीला सांगायची, हिच्या वाटेत बादली ठेवू नको. वहिनी बिचारी सगळं उचलून ठेवत राहिली. मी चार दिवस पाहुण्यासारखी खुर्चीवर बसून होते. रत्नागिरीत मी स्वतःचा भात लावते, बाजारातून मासळी हाताने निवडून आणते, हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, कशाला गो एवढं करतेस, इथे आपण आहोत ना.

ते तिचं म्हणणं पहिल्यापासून होतं. त्यात माया होती, आहे, मला त्याची किंमत कळते. तुम्ही जे गावात मागे राहिलात त्यांनी असं समजू नये की आम्ही ती विसरलो. पण त्या मायेत मला करायला काही काम नसतं. आणि माझ्यासारख्या ज्या निघाल्या, कुणी कुवेतला, कुणी मुंबईला, त्यांना मी काय म्हणते ते सांगावं लागणार नाही.

निघताना आई म्हणाली, "घर तुझंच हाय, कधीपण ये." पूर्वी तिला हे बोलून दाखवावं लागत नसे. मी तिच्या पाया पडले. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, दोघींपैकी कुणी रडलं नाही.

परवा ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, दिवाळीत घरी जाणार का. मी बोर्डवर एक फोन जोडून दिला, हेडफोन खाली केला आणि म्हटलं, "नाही हो. यंदा घरीच आहे."